माग आपला, सूत कोणाचे?

(भिवंडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भिवंडीत उभे राहून बोलणाऱ्याने यंत्रमागावर बोलावे, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. मी आज गोठ्यावर बोलणार आहे. तरीही प्रारंभ मागापासूनच करतो, कारण गोठ्याचे अर्थशास्त्र समजून घ्यायला या शहराइतका चांगला दाखला दुसरीकडे सापडणार नाही.

तुमच्याकडील कितीतरी छोटे मागधारक मजुरीवर कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचे आणि विणलेले कापडही व्यापाऱ्याचेच. शेडचे भाडे, विजेचे बिल, मोडतोड आणि कर्जाचा हप्ता एवढे मात्र मागवाल्याचे. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवतो. त्याचे भांडवल मोकळे राहते, माग मात्र जागेवर गंजतो. मालक म्हणवणाऱ्या या माणसाच्या वाट्याला मालकीपैकी फक्त जोखीम आलेली असते.

आता याच तालुक्यातील एखाद्या गोठ्यात या. म्हैस हरियाणातून किंवा गुजरातेतून कर्जाने आणलेली. सरकी पेंड दुकानातून उधारीवर. सुका चारा विकतचा. दूध ज्याला घालायचे त्याच्याकडूनच उचल घेतलेली, म्हणून भाव तो सांगेल तो. पहाटे तीनला उठून धारा काढणारा हा माणूस स्वतःला शेतकरी समजतो. वस्तुतः तो मजुरीवर दूध काढणारा आहे, आणि त्याची मजुरीही आधी ठरलेली नसते. सगळे खर्च वजा जाऊन उरेल ती त्याची मजुरी. कित्येक महिने काहीच उरत नाही.

२०२१ साली या तालुक्यातील एका शेतकऱ्याने दुधाच्या धंद्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली. ‘बघा, दुधात किती पैसा आहे,’ असे अनेकांनी सांगितले. त्या गृहस्थांचा बांधकामाचाही व्यवसाय असल्याचे त्याच बातमीत होते. ते वाक्य मात्र फारसे कोणी वाचले नाही. माणकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर दुधाचा धंदा शोभून दिसतो. आपला प्रश्न ज्याच्याकडे विकायला जमीन नाही किंवा विकायची नाही, अशा पाच-सात जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबाचा आहे. हा गोठा दुष्काळ, रोगराई आणि पडता भाव सोसून टिकेल कसा?

याचे उत्तर मला विद्यापीठात मिळाले नाही. जे गोठे वीस-पंचवीस वर्षे टिकले, त्यांच्या दावणीशी बसून जे शिकलो ते सांगतो.

पहिला धडा चाऱ्याचा. दुधाच्या उत्पादनखर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो. म्हणजे हा धंदा मुळात चाऱ्याचा आहे; जनावर हे चाऱ्याचे दूध करणारे साधन. ज्याचा चारा बाजाराचा, त्याचा नफाही बाजाराचा. टिकलेल्या प्रत्येक गोठ्यामागे मला चार-दोन गुंठे का होईना, बहुवार्षिक हिरव्या गवताचा तुकडा दिसला. जिथे पाणी आहे तिथे मका चिकावर आला असता कापून, कुट्टी करून, दाबून हवाबंद केलेला मुरघास दिसला. हा उन्हाळ्यासाठी बांधलेला विमाच होय.

आपल्या भागात पीक भाताचे, त्यामुळे पेंढा मुबलक. पण पेंढ्याने पोट भरते, पोषण होत नाही. त्यावर शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर देत शिंपडावा आणि ढीग तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी पेंढा मोकळा करून वास उडू द्यावा. लहान वासरांना तो घालू नये, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. ते विष आहे. एवढी काळजी घेतली तर तोच पेंढा अधिक पचतो, त्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि विकतच्या पेंडीत बचत होते. ही जुनी, सिद्ध झालेली रीत आहे. ती गावोगावी का पोहोचली नाही, असे सरकारी खात्याला जरूर विचारा. मग आपण ती का पोहोचवली नाही, हेही विचारा.

चाऱ्याला इतिहासही आहे. मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या गवत पुरवले. ते कापणारे हात आदिवासींचे होते. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीची मागणी अग्रभागी होती. त्या लढ्याचे निशाण आपले नव्हते. त्याचा धडा मात्र आपलाही आहे. शहराच्या स्वस्त दुधामागे कोणाची तरी बुडालेली मजुरी असते.

दुसरा धडा हिशेबाचा. बाजारात म्हैस घेताना माणूस विचारतो, ‘वेळेला किती देते?’ जाणता गोठेवाला विचारतो, ‘दोन वेतांत अंतर किती?’ समजा, एक म्हैस वेताला २४०० लिटर दूध देते, पण वीस महिन्यांनी पुन्हा विते. दुसरी १८०० लिटरच देते, पण चौदा महिन्यांनी विते. महिन्याची सरासरी काढा. पहिलीची १२० लिटर येते, दुसरीची साडेअठ्ठावीस अधिक शंभर, म्हणजे सुमारे १२८. शिवाय दहा वर्षांत पहिलीची सहा वेते होतात, दुसरीची आठ; म्हणजे दोन पारडी जास्त. जिला आपण कमी दुधाची म्हणून हिणवतो, ती घर चालवत असते.

म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो. तो ओळखायला दिवसातून दोन-तीनदा गोठ्यात लक्ष ठेवणारा माणूस लागतो; बहुधा ती घरातली बाई असते. एक चुकलेला माज म्हणजे तीन आठवड्यांचा फुकट खुराक. म्हणून टिकलेल्या गोठ्यात भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर माजाच्या, रेतनाच्या, विण्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. तसेच, या गोठ्यांत पारडी उपाशी मरत नाहीत. शहरी तबेल्याची रीत अशी की म्हैस आटली की विकायची आणि नवी आणायची. घरची पारडी वाढवणारा त्या चक्रातून सुटतो, कारण नव्या म्हशीसाठी त्याला दर वेळी सावकाराच्या दारी जावे लागत नाही. आपले सूत आपल्या घरी कातणे म्हणतात, ते हेच.

तिसरा धडा एकाच खांबावर घर न उभारण्याचा. मोठे जनावर दिवसाला पंधरा किलोच्या आसपास शेण देते. पाच जनावरांचे वर्षाला सत्तावीस टन होते. ते गटारात धुऊन टाकणारे तबेले मी पाहिले, आणि तेच शेण गोबरगॅसला लावून, मळी शेतात घालून खताचा खर्च वाचवणारे गोठेही पाहिले. भातकापणीनंतर घाटावरचे धनगर मेंढरांचे वाडे घेऊन कोकणात उतरतात. शेतकरी रात्री शेतात मेंढरे बसवून घेतो आणि त्याचे धान्य वा रोकड देतो. जमीन नसलेला माणूस खत विकून जगतो, ही केवढी अर्थविद्या! तारांच्या कुंपणांनी आणि गोदामांच्या भिंतींनी त्यांच्या वाटा बुजत चालल्या आहेत, याची नोंद कोणत्याही विकास आराखड्यात नाही.

आणि शेळी. भूमिहीन कुटुंबाची ती अडचणीतली ठेव आहे. आजारपण आले, शाळेची फी आली, की एक बोकड विकला जातो. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होणे नित्याचे, आणि बकरी ईदच्या बाजारात तयार बोकडाला चांगला भाव येतो. पारडीपासून करडापर्यंत घरात जितके आकार, तितके संकटाचे धक्के विभागले जातात.

चौथा धडा रोगाचा. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने राज्यातील गोवंशात थैमान घातले. उधारीवर गाय घेतलेल्याची गाय गेली, हप्ता मात्र राहिला. लाळ-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्यापूर्वी, हे ज्यांनी न चुकता केले त्यांचे गोठे टिकले. नवे जनावर आणले की दोन-तीन आठवडे वेगळे बांधायचे, ही साधी शिस्तही हजारो रुपये वाचवते. पण लस देणाऱ्याची जागाच रिक्त असेल तर शिस्तीचा उपदेश कोणाला करायचा?

इथवरचे धडे शेतकरी आपल्या दावणीत अमलात आणू शकतो. पुढचे दोन प्रश्न दावणीबाहेरचे आहेत, आणि तिथे आपले काम सुरू होते.

पहिला प्रश्न भाकड जनावराचा. म्हातारे जनावर विकून येणाऱ्या पैशातून नव्याचा काही भाग उभा राहतो. ही शेतकऱ्याची घसारा-निधीची व्यवस्था होती. गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला आज गिऱ्हाईक नाही; तो पोसायचा कोणी, याचे उत्तर कायद्यात नाही. म्हैस या बंदीबाहेर आहे, तरी तिची वाहतूकही रस्त्यात अडवली जाते. या छळाला कंटाळून २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि सर्वांत आधी हवालदिल झाला तो हिंदू शेतकरी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींचे घाव सोसलेल्या या शहराला मी अधिक काय सांगावे? गोठ्यातला शेतकरी आणि बाजारातला व्यापारी एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे राजकारण दोघांचीही भाकरी हिरावते. हे धर्मनिरपेक्षतेच्या व्याख्यानाने पटणार नाही. गोठ्याच्या हिशेबाने पटेल.

दुसरा प्रश्न भावाचा. जुलै २०१८ च्या दूध आंदोलनानंतर सरकारने गाईच्या दुधाला २५ रुपये दर देण्याचे मान्य केले. २०२३ च्या मध्यास ३४ रुपये जाहीर झाले. वर्ष संपता संपता खरेदी अनेक ठिकाणी २६-२७ रुपयांवर आली. मग २०२४ मध्ये आधी पाच आणि नंतर सात रुपयांचे अनुदान आले. सहा वर्षांत पेंड कुठे गेली आणि दूध कुठे राहिले, ते पाहा. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. रोज नासणाऱ्या दुधाला असे कायदेशीर संरक्षण नाही. अनुदान ही सरकारची कृपा असते. दर हा उत्पादकाचा हक्क असला पाहिजे.

पण निव्वळ मागणीने हक्क मिळत नाही. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मुंबईला जाणारे दूध पंधरा दिवस रोखले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी स्वतःचा संघ नोंदवला, हे सांगताना मात्र आपला आवाज खाली येतो. दूध रस्त्यावर ओतण्याचे शौर्य आपल्याला जमले. रोज सकाळी काट्यावर उभे राहून फॅट मोजणे आपल्याला कंटाळवाणे वाटले. आपण सोडलेली जागा इतरांनी घेतली. महाराष्ट्रातील अनेक सहकारी संघ घराण्यांच्या मुठीत गेले आणि उरलेले दूध खासगी डेअऱ्यांकडे वळले. या पराभवात आपला वाटा आहे, आणि तो मान्य केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

तेव्हा मोठे ठराव न करता चार कामे सुचवतो. पडघा, अनगाव, दुगाड या भागांत प्रत्येक कार्यकर्त्याने दहा गोठ्यांची वही ठेवायला मदत करावी. खाद्य, दूध, वेत, औषध आणि घरच्यांची मजुरी, सारे तिच्यात यावे. संस्थेचे सभासदत्व आणि दुधाचे पैसे, गोठ्यात राबते त्या बाईच्या नावे व्हावेत, असा आग्रह धरावा. प्रत्येक संकलन केंद्रावरचा वजनकाटा आणि फॅटचे यंत्र तपासण्याची मागणी लेखी करावी. आणि पेंड एकत्र घेऊन, चारा एकत्र साठवून पंचवीस घरांचा तरी एक गट उभा करावा.

ही वही हाती असेल तर दरवाढीची मागणी घोषणा राहत नाही, तो पुरावा होतो. मागवाल्याला आपले सूत परत मिळवून देणे आपल्याला जमले नाही. गोठेवाल्याचे सूत त्याच्या बांधावर आजही उगवू शकते. पुढच्या अभ्यासवर्गाला याल तेव्हा भाषणाची टिपणे नकोत. त्या वह्या घेऊन या.