दूरच्या दीर्घिकांचे फोटो आणि सव्वा फुटाची दुर्बीण

(गणेशोत्सवात पापनाशम येथे केलेले भाषण)



मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांवर काम करणारा माणूस. तेव्हा गणिताची भीती बाळगू नका.

आपण फोटो काढतो. दीर्घिकेचा फोटो मात्र साठवावा लागतो. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत थेंबाथेंबाने पोचतो. त्यासाठी कॅमेरा तासन् तास उघडा ठेवायचा. त्यात पृथ्वी फिरते, दर चार मिनिटांनी आकाश एक अंश सरकते. म्हणून मोटर लावून दुर्बीणही तेवढीच फिरवायची. जरा चुकली, की ताऱ्याची रेघ झाली!

हे काम आपल्या तमिळनाडूतच जवादी डोंगरातल्या कावलूरला चालते. डॉ. वैनू बाप्पू यांनी (नाव ऐकून आपल्या बाप्पांची आठवण झाली ना?) १९६८ मध्ये तिथे ३८ सेंटिमीटरची, म्हणजे सव्वा फुटाची दुर्बीण बसवली. विषुववृत्त जवळ असल्याने तिथून दक्षिणेचेही बरेच आकाश दिसते. पुढे भारतातच घडवलेली २.३४ मीटरची दुर्बीण आली. पण १९८६ च्या उद्घाटनाला बाप्पू नव्हते. ते १९८२ मध्येच गेले. वेधशाळेला आता त्यांचे नाव आहे.

त्यांनी उभारलेल्या बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुढे इतर संस्थांच्या साथीने अंतराळात पाठवायची जोडदुर्बीण केली. गंमत पाहा, तीही सव्वा फुटाचीच! २८ सप्टेंबर २०१५ रोजी ती ॲस्ट्रोसॅट उपग्रहातून वर गेली. वर पाठवण्याचे कारण असे, की ती टिपते ते अतिनील किरण आपले वातावरण खाली येऊच देत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून अधिक वेळ पाहिले. त्यात एका दीर्घिकेचे अतिनील किरण सापडले. अंतर ९.३ अब्ज प्रकाशवर्षे. ते किरण निघाले तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीच नव्हती.

पण सापडले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. आमच्याकडे रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. पडद्यावर बारीकसा उंचवटा दिसतो. तो भेगेचा, की यंत्राचाच खोटा इशारा? भेग समजून रूळ बदलला तर खर्च वाया. दुर्लक्ष केले आणि भेग निघाली तर गाडीचे काय, ते सांगायला नको. इथेही तोच प्रश्न होता. पुण्याच्या आयुकातील डॉ. कनक साहा आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी सुमारे दोन वर्षे घासून-तपासून ते किरण त्या दीर्घिकेचेच आहेत याची खात्री केली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, तरी हे काम आपल्या सव्वा फुटीने केले. कारण तिच्या कॅमेऱ्यात असे खोटे इशारे फार कमी होतात. मला या गोष्टीचे आरशाच्या आकारापेक्षा जास्त कौतुक वाटते.

आता पाऊस आहे. पोंगलच्या आसपासच्या अमावस्येला मात्र गावातल्या दिव्यांपासून दूर, शेताकडे चला. रात्री आठच्या आत वायव्येला देवयानी दीर्घिका पुसट डागासारखी दिसते. अंतर २५ लाख प्रकाशवर्षे. कॅमेरा असेल तर स्टँडसकट आणा, दहा सेकंद उघडा ठेवू. ज्यांना यायचे आहे त्यांनी आरतीनंतर माझ्याकडे नाव द्यावे.