जुन्या गाडीचा अँटेना, सहा पिनांचा स्विच आणि एक बल्ब

आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, पण डीबगिंगचा नक्की आहे.

माझ्या मामाकडे १९८० च्या आसपासची एक जर्मन सेडान आहे. बटण दाबलं की मागच्या फेंडरमधून अँटेना वर येतो, परत दाबलं की खाली जातो. आता हा अँटेना इतका लांब का? एफएमचं स्टेशन १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतं, म्हणजे लहर साधारण ३ मीटरची. तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर. एवढी दांडी नेहमी बाहेर ठेवली तर कुणीतरी वाकवणार किंवा तोडणार, म्हणून मोटर.

मामाच्या गाडीतला मूळ स्विच मोडला होता. एका गॅरेजवाल्याने त्या जागी पंख्याला असतो तसा, दाबला की दाबलेलाच राहणारा स्विच बसवला. अँटेना वर पोचला तरी मोटरला करंट चालूच. त्यामुळे फ्यूज वारंवार उडायला लागला, तर त्याने फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून दिली! डॅशबोर्डमागची वायर तापून मऊ झाली होती. आणि याच गाडीतून महिन्याभराने मामेबहीण लग्नाच्या हॉलवर जाणार होती.

मामा म्हणाला, "अरे, काढून टाक तो अँटेना. भोक बुजवू. गाडी पेटायला नको." मी म्हटलं, "मामा, एक रविवार दे."

पहिलं काम, बॅटरीची मायनस केबल काढायची. आधी मायनसच का? पूर्ण बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट.

दुसरं, मोटर कुठल्या प्रकारची आहे ते ओळखायचं. ढोबळपणे तीन प्रकार भेटतात. एकात कायमचा प्लस, अर्थ आणि रेडिओकडून येणारी सिग्नलची वायर असते. उलटसुलट फिरवायचं काम आतलं सर्किट करतं, त्यामुळे सिग्नलच्या वायरवर साधा स्विच पुरतो. दुसऱ्यात वर जायला एक वायर, खाली यायला दुसरी, आणि अर्थ मोटरच्या बॉडीतून. तिसऱ्यात फक्त दोन वायरी. प्लस-मायनसची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. मामाची हीच.

पण नुसतं बघून ठरवू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, आणि मोटरची प्रत्येक वायर गाडीच्या बॉडीशी तपासा. बीप आला तर ती वायर आतून अर्थ आहे. अशा मोटरला अदलाबदलीचं वायरिंग केलंत तर एका दिशेला प्लस सरळ बॉडीत जाणार. आमच्याकडे दोन्ही वायरींना बीप नव्हता. पुढे जायला हरकत नाही.

आता स्विच. दुकानात मागताना सांगायचं, 'डबल पोल डबल थ्रो, मोमेंटरी, मध्ये ऑफ'. बोट काढलं की स्प्रिंगने आपोआप मध्ये यायला हवा. त्याच्या मागे सहा पिना असतात, दोनच्या तीन ओळी. मधल्या दोन मोटरला. वरच्या दोनपैकी डावीकडे प्लस, उजवीकडे मायनस. मग वरची डावी पिन खालच्या उजवीला आणि वरची उजवी खालच्या डावीला. मागून बघितलं की फुली दिसते. एवढंच गुपित आहे!

प्लस कुठून घ्यायचा? जर्मन गाड्यांत टर्मिनलना आकडे असतात. ३० म्हणजे कायमचा प्लस, १५ म्हणजे चावी फिरवल्यावरचा, ३१ म्हणजे अर्थ. मी १५ वरून घेतला, म्हणजे उभ्या गाडीत पोरांनी बटणाशी खेळ केला तरी काही होत नाही. मामाला फक्त चावी काढण्याआधी अँटेना खाली घ्यायची सवय लावायला लागली.

वायर दीड स्क्वेअर एमएमची, फ्यूज ८ अँपिअरचा. त्या काळच्या गाड्यांत सिरॅमिकचे गोळीसारखे फ्यूज असतात, पांढरा ८ चा, लाल १६ चा. आणि एक लक्षात ठेवा, फ्यूज मुख्यतः वायर वाचवायला असतो. म्हणून तो वायर बघून निवडायचा, 'उडत नाही' म्हणून मोठा टाकायचा नाही. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर घासून घासून कधीतरी तिथेच शॉर्ट.

आता माझी आवडती टेस्ट. मोटर जोडायच्या आधी फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. बॅटरी जोडा, चावी फिरवा, स्विच वर-खाली दाबा. बल्ब विझलेलाच राहायला हवा. पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब दोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो ना, तसंच. बल्ब शांत राहिला, मग चावी बंद करून फ्यूज घातला, मोटर जोडली.

अँटेना वर गेला. टोकाला पोचल्यावर क्लच घसरल्याचा कट-कट आवाज आला, मी बोट काढलं, सगळं शांत. मामाने चारदा वर-खाली करून बघितलं, आणि मग जुन्या फ्यूजवरची ती तार उचलून खिशात टाकली. म्हणाला, "ही दाखवतो त्याला."

तुमच्या घरच्या जुन्या गाडीत काही 'जुगाड' असेल, तर या रविवारी फक्त फ्यूजबॉक्स उघडून बघा. गुंडाळलेली तार किंवा चांदी दिसली, तर गाडी चालवण्याआधी आधी तेवढं नीट करून घ्या.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!