गेटाबाहेर राहिलेले



आज आम्ही दूरदेशची हकीगत सांगणार आहोत. देश फ्रान्स, साल १७८९. पण ऐकताना ती आपल्याच खात्यातली वाटेल.

राजाची तिजोरी रिकामी झाली होती. अमेरिकेच्या लढाईत पैसा ओतलेला, कर्जाचं व्याज फिटेना. सरदार आणि धर्मगुरू बहुतेक करांतून सुटलेले, बोजा सारा रयतेच्या पाठीवर. मग कारभार सुधारायला राजानं देशाची सभा बोलावली. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती! पावणेदोनशे वर्षांनी रयतेला विचारलं गेलं, बाबांनो, तुमचं दुखणं काय? गावोगाव माणसं जमली. मिठावरचा कर, जमीनदाराचे हक्क, सगळी गाऱ्हाणी वह्यांत उतरली. लोकांना वाटलं, आता आपले दिवस येणार.

पण शंकाही होतीच. मतं मोजायची कशी? धर्मगुरूंचा एक वर्ग, सरदारांचा दुसरा, बाकी अख्खा देश तिसरा. जुना रिवाज म्हणजे एका वर्गाचं एक मत. दोघे एक झाले की देश हरला! डिसेंबर १७८८ मध्ये तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट केले. पण मतं डोक्यागणिक मोजणार का? त्यावर सरकार गप्प. मग नुसती डोकी वाढवून काय चाटायचं?

कामगाराची शंका याहून जवळची. पॅरिसमध्ये मत द्यायला सहा लिव्र कर भरलेला असावा लागे. हातावर पोट असलेल्यानं तो कुठून भरायचा? बदलीवाला जसा पहाटे गेटावर ताटकळायचा, तसा तो सभेच्या दाराबाहेर. १७८८ साली गारपिटीनं पीक झोडपलं. चार रतली पाव साडेचौदा सूवर गेला, आणि मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. पाव घेतल्यावर खोलीचं भाडं कशातून द्यायचं? अशात एप्रिलमध्ये बातमी फुटली, की रेव्हेयों नावाचा कारखानदार मजुरी उतरवा म्हणतो. सां-आंत्वान वस्ती खवळली. २८ एप्रिलला फौजेनं गोळ्या झाडल्या. बरोबर आठवड्यानं, ५ मेला, व्हर्सायला सभा थाटात उघडली!

तरी आशा फुकट गेली असं आम्ही म्हणणार नाही. तिसरा वर्ग हटला नाही. १७ जूनला त्यानं स्वतःला राष्ट्रसभा म्हणून जाहीर केलं. १४ जुलैला त्याच सां-आंत्वानची माणसं बास्तीयच्या किल्ल्यावर चालून गेली, म्हणून ती सभा तगली. आणि सभेनं काय दिलं? ऑगस्टमध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, आणि १४ जून १७९१ ला कामगारांनी एकजूट करू नये असा कायदा केला. युनियन कायदेशीर व्हायला १८८४ साल उजाडलं.

आम्ही चार यत्ता शिकलेली माणसं. पण पगाराच्या दिवशी आधी कपात बघायची, एवढं आम्हाला कळतं. म्हणून म्हणतो गड्यांनो, कारभार सुधारणारी सभा भरत असेल तर भरू द्या, आम्हीही जाऊ. पण भाषणांना टाळ्या देण्याआधी दोन सवाल करू. मतं कशी मोजणार? आणि गेटाबाहेर कुणाला ठेवलंय?