शालेय परसबाग : पावसाच्या पंचांगाप्रमाणे



कर्जत व खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात. म्हणून येथील परसबागेची आखणी पावसाच्या पंचांगावरून केली पाहिजे.

प्रथम अपेक्षेचे माप निश्चित असावे. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेनुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक बालकाच्या आहारात रोज ५० ग्रॅम भाजी असावी लागते. म्हणजे ४० मुलांच्या शाळेस रोज २ किलो भाजी हवी. लहानशी बाग इतकी भाजी बारमाही पुरवू शकत नाही. तसा आग्रह धरल्यास उत्साह मात्र मावळतो. आठवड्यातून एक-दोन वेळा बागेतील भाजी ताटात आली आणि ती कशी वाढली हे मुलांनी पाहिले, तर बाग सफल झाली असे समजावे.

जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा पाण्याची उणीव नसते, ते साचण्याची भीती असते. यास्तव वीतभर उंचीचे गादीवाफे करून भोवती चर काढावेत. काकडी, शिराळी, पडवळ व कारली मांडवावर चढवावीत. भेंडी गादीवाफ्यावर व अळू ओलसर कडेस लावावे. कुंपणालगत शेवग्याचे फाटे रोवावेत. एकदा रुजल्यावर ते उन्हाळाही सोसतात. याच दिवसांत रानात टाकळा, कुरडू, भारंगी व कर्टोली येतात. ठाकूर व कातकरी मुलांना या भाज्यांची ओळख पुष्कळदा शिक्षकांहून अधिक असते. त्या दिवशी त्या मुलांनी सांगावे व वर्गाने ऐकावे. मात्र वाडीतील जाणत्या स्त्रियांनी पारखलेलीच भाजी चुलीवर चढवावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बागेचे रूप पालटते. आता पाणी घालवावयाचे नसून धरून ठेवावयाचे असते. म्हणून गादीवाफे मोडून सपाट वाफे बांधावेत. त्यांत मुळा, माठ, मेथी, वांगी व मिरची घ्यावी. ताटे धुतलेले पाणी खरकटे गाळून, चर खणून केळी व अळूकडे वळवावे. भात कापल्यावर शेतकरी जमिनीच्या ओलीवर वाल पेरतो. शाळेनेही एक पट्टा वालाचा ठेवावा. त्यास फारसे पाणी घालावे लागत नाही. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधून ठेवतात. मुलांनी एक रोप हलकेच उपटून त्या गाठी पाहाव्यात.

उन्हाळ्यात पाण्यासाठी झगडू नये. जमीन पेंढ्याने झाकावी आणि बियाणे सांभाळावे. बी सावलीत सुकवून, राख चोळून, कोरड्या बाटलीत घट्ट बंद करावे व वर पिकाचे नाव आणि तारीख लिहावी.

या बियाण्याशी एक गंभीर प्रश्न निगडित आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामास जातात व पावसाच्या तोंडावर परततात. जुलैत ज्या बालकाने वेल लावला, ते हिवाळी वाफ्याच्या वेळी शाळेत नसते. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो आणि शाळेत आपले म्हणावे असे त्यास काही उरत नाही. तेथूनच त्याची शाळा सुटू लागते. यास्तव प्रत्येक मुलाच्या वेलावर एक फळ पूर्ण पिकू द्यावे. त्याचे बी त्याच्या हातून काढून घ्यावे, पुडीवर त्याचेच नाव लिहावे आणि ती पुडी जूनपर्यंत जपावी. मुलाचे स्थलांतर एवढ्याने थांबणार नाही. ते जेथे गेले तेथील शाळेत त्याचे नाव लागावे, यासाठी शिक्षकांनी झटलेच पाहिजे. परंतु परत आलेल्या बालकास पहिल्याच दिवशी हाती घेण्यास स्वतःचे काम मिळेल, आणि बागेतील पहिले बी त्याच्या हातून पडेल.

बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते ती बाग परिपत्रकापुरती. जी आपले बी व आपली मुले दोन्ही सांभाळते, तीच खरी शाळेची बाग होय. येत्या जूनपूर्वी प्रत्येक शाळेने अशा पुड्यांसाठी फडताळातील एक कप्पा मोकळा करावा.