परदेशी शिक्षण आणि कामाची मुभा



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाटाच्या पाण्याचा व्यवहार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रवरेच्या नाहीतर मुळेच्या कालव्यावर भिजणाऱ्या शेताच्या धन्याला विचारा. आवर्तन कधी सुटायचे हे सरकार ठरवते. सात नंबरचा अर्ज मुदतीत भरावा लागतो. पाळी आली की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन चारीवर उभे राहावे लागते. पाळी संपली की पाटकरी दार टाकून मोकळा. तुमचे चार वाफे कोरडे राहिले म्हणून पाणी काही थांबत नाही. विहिरीचे तसे नसते. विहीर आपली, मोट म्हणा की मोटार म्हणा, तीही आपली.

आज मला बोलायचे आहे ते मात्र परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी. शिक्षण संपल्यावर त्या देशात काही काळ नोकरी करण्याची जी मुभा मिळते, ती पाटाचे पाणी आहे, विहिरीचे नव्हे, एवढेच मला सांगायचे आहे. ऐकायला सोपे वाटते. पण हा फरक ध्यानात न घेता घर तारण पडते, वडिलोपार्जित एकर विकला जातो. म्हणून दहा मिनिटे मागतो.

लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि खुद्द नगर येथे इंजिनिअरिंगची कॉलेजे निघाली, तसे परदेशाचे स्वप्न वाडीवस्तीवर पोहोचले. यात वाईट काही नाही. पालकांचा हिशेब साधारण असा असतो: "पोरगं वर्षभर शिकेल, मग दोन वर्षं तिथंच नोकरी करील, कर्ज फिटून जाईल." या वाक्यातला पहिला तुकडा मुलाच्या हाती आहे. दुसरा मात्र परक्या सरकारच्या हाती आहे, आणि कर्ज फिटण्याचा सगळा भार आपण टाकतो तो नेमका या दुसऱ्या तुकड्यावर.

पूर्वी असे नव्हते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, हे केंब्रिजला शिकलेले. तेथील अभ्यासातून तयार झालेला त्यांचा ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. त्या काळी हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन समजला जाई, आणि इंग्लंडात राहायला किंवा काम करायला त्याला कायद्याने परवाना लागत नसे. मने किती मोकळी होती हा प्रश्न निराळा, पण दार उघडे होते. राष्ट्रकुलातील लोकांसाठी ते दार 1962 च्या कायद्याने लोटले गेले, आणि पुढे एकेक कडी चढत गेली. गाडगीळ स्वतः मात्र परत आले, 1930 साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तिचे ते पहिले संचालक झाले, आणि त्यांच्या विद्येचा उपयोग प्रवरेकाठच्या ऊस-उत्पादकाला झाला.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार त्यांना लिहून द्यावा लागला. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो अभ्यास पुरा करायला ते 1920 साली पुन्हा गेले. म्हणजे शिक्षण संपल्यावर कोठे आणि कोणासाठी राबायचे, हे पैसा पुरवणाराच ठरवीत असे. आज संस्थानच्या जागी बँक आली, एवढेच. करारातली भाषा बदलली, पण बांधिलकी राहिलीच.

आता निरनिराळ्या देशांतले नियम पाहू. इंग्लंडमध्ये पदवी घेतल्यावर दोन वर्षे काम करण्याची सोय पूर्वी होती, ती एप्रिल 2012 मध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर आधी दाखल झालेली मुले वर्गात बसलेली असतानाच बंद झाली, हे लक्षात घ्या. पुढे 1 जुलै 2021 पासून दोन वर्षांची सोय पुन्हा सुरू झाली. आता 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळायचे आहे, पीएच.डी. झालेल्यांना तीन वर्षे कायम आहेत. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरात वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याने हिशेब दीड वर्षाचाच धरावा. ही मुदत वाढवून मिळत नाही. पुढे राहायचे तर ठरावीक पगाराची, पदवीच्या दर्जाची नोकरी आणि परवाना असलेला मालक, दोन्ही मिळवावे लागतात. जुलै 2025 मध्ये ही पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला 41,700 पौंड झाली. नवशिक्यांना ती काहीशी सौम्य आहे, पण हॉटेलात बशा विसळून ती पुरी होत नाही.

अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने आपल्या विषयाशी संबंधित काम करता येते. विज्ञान, इंजिनिअरिंग, गणित अशा विषयांच्या पदवीधरांना 2016 च्या नियमाने आणखी चोवीस महिने मिळू लागले. पण त्यात मेख अशी की पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहिले तर ती मुभा धोक्यात येते. पुढचा एच-वन-बी परवाना वर्षाकाठी 85,000 जणांनाच, आणि मागणारे कितीतरी अधिक, म्हणून निवड चिठ्ठ्या काढल्यासारखी होते. हुशार मुलाचीही चिठ्ठी निघेलच असे नाही.

कॅनडाने 2024 साली नियम कडक केले. 1 नोव्हेंबर 2024 पासून शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी जे पदवीचा नव्हे तर लहान पदविकेचा अभ्यासक्रम घेतात, त्यांचा विषय सरकारी यादीत असेल तरच पुढे कामाची मुभा मिळते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बहुतेक पदवीधरांसाठी वयाची मर्यादा 50 वरून 35 वर आणली. नोकरी करून, चार पैसे गाठीला बांधून उशिरा जाणाऱ्याने हे आधी पाहायला हवे. जर्मनीत पदवीनंतर काम शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. पण तिथली भाषा आली नाही तर अठरा महिने कसे सरतात ते कळत नाही.

पाहिलेत ना? प्रवेश घेताना एक नियम आणि पदवी हाती पडताना दुसरा, असे घडते. पाऊस पाहून सरकारने आवर्तन कमी करावे तसेच हे. तिथल्या निवडणुका, तिथली बेकारी, तिथल्या घरांची टंचाई, यांवर ते पाणी कमीजास्त होते. आपल्या मुलाची लायकी त्यामुळे कमी ठरत नाही, हेही पालकांनी समजून घ्यावे. मूल परत आले तर गावाने "नापास होऊन आला" असे म्हणू नये.

इथे एक कडू गोष्ट सांगतो. आपण परक्यांना नावे ठेवतो. पण पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून आलेली कित्येक मुले शिकतात, त्यांचे काय? आपल्या देशाच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. पदवीनंतर इथे राहून नोकरी शोधण्यासाठी वर्ष-दोन वर्षांची वेगळी मुभा आपण ठेवलेली नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर, काही ठरावीक अपवाद सोडता, वर्षाला किमान सव्वासोळा लाख रुपये पगार लागतो. पुण्यात नुकत्याच पदवीधर झालेल्या किती मुलांना तेवढा पगार मिळतो? म्हणजे प्रत्येक देश आधी आपल्या लेकरांचा विचार करतो, आपणही करतो. ही रीत एकदा मनात नीट ठसली की दुसऱ्याच्या अंगणात आपला हक्क आहे असा भ्रम राहत नाही. आणि आपल्या अंगणात आलेल्या पाहुण्याशी माणुसकीने वागायचे भानही राहते.

मग करायचे काय? मुलांना पाठवू नये का? छे, तसे मी म्हणत नाही. पाठवा, पण हिशेब बदला.

पहिली गोष्ट, शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढत असते. परदेशातली मुदत आणि बँकेची मुदत ही दोन घड्याळे शेजारी शेजारी मांडा. मूल पदवी घेऊन लगेच परत आले आणि इथल्या पगारावर राहिले तर हप्ता झेपेल का, हे विचारा. झेपत असेल तर जा म्हणावे. झेपत नसेल तर स्वस्त विद्यापीठ पाहा, शिष्यवृत्ती पाहा, नाहीतर दोन वर्षे थांबा.

दुसरी गोष्ट, नियम एजंटाच्या तोंडून ऐकू नका. प्रवेशामागे पुष्कळ एजंटांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. तुमच्या कर्जाशी त्यांना देणेघेणे नसते. त्या देशाच्या सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेला नियम, तारखेसह, वाचा. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी इथेच विनंती आहे. गावात इंग्रजी नीट वाचणारे पुष्कळदा तुम्हीच असता. एक संध्याकाळ त्या पालकांसाठी काढा, आणि त्यांना मराठीत समजावून सांगा.

तिसरी गोष्ट, अर्जाची मुदत. इंग्लंडात हा अर्ज विद्यार्थी व्हिसा संपण्यापूर्वी आणि त्या देशात असतानाच करावा लागतो. कॅनडात अभ्यासक्रम पुरा झाल्याचे कळल्यापासून 180 दिवसांत करावा लागतो. सात नंबरचा अर्ज चुकला तर एक हंगाम जातो; हा चुकला तर सगळी पाळीच जाते.

आणि शेवटची गोष्ट मुलांसाठी. तुम्ही जी विद्या घ्याल ती इकडेही चालणारी घ्या. व्हिसा मिळतो म्हणून कुठलाही अभ्यासक्रम धरू नका. कामाची मुभा आली तर घ्या, मिळेल तितके भिजवून घ्या, काटकसर करा, कर्ज हलके करा. पण चारीला पाणी आहे तोवरच शहाणा शेतकरी आपल्या विहिरीचे खोदकाम चालू ठेवतो. अंगात मुरलेली विद्या हीच ती विहीर. तिच्यावर पाटकऱ्याची सत्ता चालत नाही.