नवा गडी, नवं राज्य
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बुद्धिबळाच्या ग्रुपबद्दल दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. दहा मिनिटं म्हणजे रॅपिडच्या एका डावाचा वेळ. घड्याळ संपायच्या आत आवरतो.

२०२० च्या टाळेबंदीत आपण पाच-सहा जण लीचेसवर खेळू लागलो. एक सावेडीत, एक भिंगारला, दोघं पुण्यात, एक थेट मस्कतला. त्याच दिवसांत नाशिकचा विदित गुजराथी आणि विनोदवीर समय रैना यूट्यूबवर बुद्धिबळ दाखवत होते, आणि ज्यांनी कधी पटही मांडला नव्हता अशी पोरं ते बघत होती. ऑगस्टमध्ये विदितच्या कप्तानीखाली भारत ऑनलाइन ऑलिम्पियाडचा रशियाबरोबर संयुक्त विजेता झाला. ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली. पुढे २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. अशा प्रत्येक वेळी आपल्या ग्रुपात नवी माणसं आली. कुणाची बायको, कुणाचा मुलगा, पारनेर-शेवगावकडचे धाकट्या बॅचचे विद्यार्थी. आता आपण शंभराच्या वर आहोत.

आणि आता जुन्यांची कुरकुर सुरू झाली आहे. ‘यांना काही येत नाही’, ‘तेच तेच प्रश्न विचारतात’, ‘आधी परीक्षा घ्या, मग ग्रुपात घ्या’. हा प्रस्ताव आज दुपारच्या बैठकीत येणार आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि तो का, हे सांगायलाच मी उभा आहे.

मित्रहो, या नव्या माणसांना काही येत नाही असं नाही. त्यांना दुसरं बुद्धिबळ येतं. आजोबांनी ओसरीवर शिकवलेलं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची अडीच घरं उडता येतं. हत्तीच्या पट्टीतलं प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर त्याचा हत्तीच होतो, वजीर नाही. घरोघरी यात थोडाफार फरक असे, पण खेळ मोडका नव्हता. तो आपलाच जुना खेळ होता. असा माणूस ऑनलाइन आला की त्याचं दोन घरं पुढे गेलेलं प्यादं शेजारचं प्यादं तिरकं येऊन मारतं. या चालीला ‘आँ पासाँ’ म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? त्याला वाटतं, मोबाइल बिघडला किंवा समोरच्यानं लबाडी केली.

मीर सुलतान खान हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. पंजाबातला हा माणूस देशी नियमांनी खेळत मोठा झाला. युरोपी नियम तो शिकला १९२६ च्या सुमारास. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे हेस्टिंग्जला त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्याला नवे नियम कुणीतरी बसून समजावले होते. प्रवेशपरीक्षा घेतली असती, तर तो पहिल्याच प्रश्नाला नापास झाला असता.

आता आपल्याच ग्रुपातली गोष्ट. आपल्या एका वर्गमित्राच्या पत्नीनं, म्हणजे आपल्या वहिनींनी, विचारलं होतं, ‘माझं प्यादं कुठे गेलं?’ उत्तराऐवजी हसणारे चेहरे आले. वहिनी पुन्हा खेळल्या नाहीत. दोन महिन्यांनी आपल्या चित्रकलेच्या सरांनी अगदी हाच प्रश्न विचारला. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तेव्हा मात्र पाच मिनिटांत तिघांनी समजावून सांगितलं, एकानं पट काढून फोटो पाठवला. सरांशी आपण वागलो ते बरोबरच होतं. माझं म्हणणं इतकंच की प्रश्न एकच होता. उत्तर देता येत होतं, वेळही होता. फरक फक्त विचारणाऱ्यात होता.

नवख्याला ज्या गोष्टींचा त्रास होतो, त्या सांगायला दोन मिनिटं लागतात. लीचेसवर प्रत्येकाचं रेटिंग १५०० पासून सुरू होतं. त्यामुळे पहिले काही डाव त्याची गाठ बऱ्यापैकी खेळणाऱ्यांशी पडते आणि तो सपाटून हरतो. ‘रेटिंग झरझर उतरेल, मग बरोबरीचे गडी मिळतील’ हे आधी कळलं तर तो टिकतो. हरायला आल्यावर काहीजण नुसते बसून राहतात, आपण त्यांना उद्धट समजतो. झेंड्याच्या खुणेवर बोट ठेवलं की डाव सोडता येतो, हेच त्यांना ठाऊक नसतं. आणि कुणी अचानक चांगला खेळला की लगेच ‘इंजिन लावलंय’ असं म्हणू नका. लबाडी पकडायची यंत्रणा साइटकडे आहे.

म्हणून परीक्षेऐवजी माझी एक सूचना आहे. नव्या माणसाला एक जुना गडी जोडून द्यावा. पहिले पाच डाव बिनरेटिंगचे, सावकाश, चाल परत घेण्याची मुभा असलेले. देशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांतला फरक एका पानावर मराठीत लिहून ठेवावा. ते पान मी लिहून देतो. नव्यांनीही एक पाळावं. अडलं की विचारावं, मनात कुढू नये.

आपल्या नगरचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. त्यालाही हत्ती सरळ आणि उंट तिरका चालतो, हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलंच असेल. आणि आपल्या शाळेनं तरी आपल्याला काय येतं म्हणून घेतलं होतं? पाचवीत खेड्यांतून आलेल्या आपल्यापैकी अर्ध्यांना इंग्रजी मुळाक्षरंही येत नव्हती. समोर बसलेल्या याच बाईंनी आणि सरांनी ती गिरवून घेतली, कुणाला न हसता.

वहिनींना मी आजच्या मेळाव्याला मुद्दाम बोलावलं आहे. जेवणानंतर मागच्या वर्गात पट मांडलेला असेल. त्यांच्याशी पहिला डाव कोण खेळणार, ते आपसात ठरवा.