परदेशातली उतरण्याची जागा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी आम्ही दोघे कुणा प्रवासी कंपनीशिवाय सिंगापूरला जाऊन आलो. तिथे उतरण्याच्या जागेविषयी जे शिकले, ते सांगते.

पहिली खोली ह्यांनी नुसते भाडे पाहून ठरवली होती. दार उघडले, तर खोलीला खिडकीच नाही! भातसेच्या काठी राहणारी मी. रात्रभर जीव घुसमटला. तिथे स्वस्त खोल्या पुष्कळदा अशाच असतात आणि तसे लिहिलेलेही असते. आम्हीच वाचले नव्हते.

सकाळी मी म्हटले, “आता जागा मी पाहते.” लिटल इंडिया भागात सेरंगून रस्त्याच्या आसपास हिंडलो. खोली आधी पाहिली, नळ सोडला, चादर उचलली. भाड्यात सेवाशुल्क व कर धरला आहे का, हेही विचारले. तिथे २०२४ पासून कर ९ टक्के आहे. तो मागून लागला तर हिशेब चुकतो. नवी खोली थोडी महाग पडली, पण खिडकी होती. रेल्वे स्टेशन पायी जाण्याजोगे, १९४७ पासूनचे कोमला विलास जवळ. टॅक्सीचे आणि जेवणाचे पैसे वाचले.

भगिनींनो, भाजी पारखून घेणाऱ्या बाईला खोलीही पारखता येते. इंग्रजी अडले तर बोटाने दाखवावे, पण विचारायला लाजू नये.